चालू गाडी नको, पूर्ण गाडी घ्या: जुनी पद्मिनी घरी उभी करणाऱ्या नवख्यांसाठी

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "चालू आहे का?" मालकही हुशार असतो. तो नवीन बॅटरी लावून, कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतून सेल्फ मारतो आणि गाडी धूर सोडत सुरू होते. समोरचा खूश. घरी आणल्यावर कळतं की पुढची ग्रिल दुसऱ्याच मॉडेलची आहे, दाराच्या त्रिकोणी काचा नाहीत, मीटरच्या जागी भोक आहे आणि बंपर सायकलच्या दुकानातून आल्यासारखा दिसतो. इंजिन दुरुस्त करणारी माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. त्रिकोणी काचेची चौकट बनवून देणारा शोधून दाखवा.

म्हणून गाडी बंद असली तरी चालेल, पण पूर्ण पाहिजे. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आमचं घर कोल्हापूरचं. आप्पांचं गॅरेज उद्यमनगराच्या कडेला, धाकटे काका पत्र्याचं काम करायचे, चुलतभाऊ लेथवर. त्यामुळे आमच्या दारात नवी गाडी क्वचितच आली. आधी एक फियाट डिलाइट, मग महिंद्राची जीप, मग पद्मिनी, मग मारुती ८००, आणि मधेमधे दुसऱ्यांच्या सोडून दिलेल्या गाड्या. त्यातली पद्मिनी मी उदाहरणाला घेतो, कारण नवख्या माणसासाठी ती सगळ्यात समजूतदार गाडी आहे.

आधी गाडीची ओळख

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनू लागली. मधे थोडा काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. साधारण २००० सालापर्यंत तिचं उत्पादन चालू होतं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली, आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

१०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. मागच्या चाकांना ओढ, मागे कमानपाटे, पुढे कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. संगणक नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते आणि हाताला लागते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच तिची चेसिस. जीपचा पत्रा सडला तर ती कुरूप दिसते. पद्मिनीचा खालचा पत्रा सडला तर गाडी मधून वाकते.

दुसऱ्या गाड्यांचं काय? जीप सोपी आहे, सरळ पत्रे, सगळीकडे पार्ट. मात्र दोन-तीन गाड्या जोडून बनवलेल्या जीपा बाजारात फार फिरतात आणि त्यांचे नंबर कागदाशी जुळत नाहीत. मारुती ८०० चे पार्ट आजही मिळतात, शिकायला उत्तम. फक्त १९८३ ते १९८६ मधलं पहिलं, एसएस ८० मॉडेल असेल तर बाहेरचे भाग शोधावे लागतात. काँटेसा पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. मोठी गाडी, मोठा पत्रा, मोठा खर्च. डुक्कर फियाट (डिलाइटच्या आधीची गोलसर फियाट) तर त्याहून नाही. दिसते गोड, पण तिचे बाहेरचे भाग आता संग्राहकांच्या कपाटात आहेत.

कागद बघितल्याशिवाय गाडी बघू नका

फोनवरच आरसी बुकाचा फोटो मागा. मालक हयात आहे का, विचारा. मालक वारला असेल आणि गाडी वारसांच्या नावावर झाली नसेल, तर आधी फॉर्म ३१ भरून त्यांच्या नावावर ती व्हायला हवी. सगळ्या भावंडांच्या सह्या मिळतील का, हे त्यांच्याच घरात बसून ठरू द्या. आपण त्यात पडायचं नाही. साध्या ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाची ती बँक आज दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, हेही गृहीत धरा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्या घेताना एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इथला रस्ता कर हिशेबात धरा.

मग बघा की गाडी ‘वाहन’ या सरकारी नोंदणीच्या पोर्टलवर दिसते का. एमएच मालिका येण्याआधीच्या, तीन अक्षरं आणि पुढे आकडे अशा नंबरच्या बऱ्याच गाड्यांची नोंद कागदी रजिस्टरातच पडून आहे. ती संगणकावर चढवून घ्यायला आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करावी लागते. ती झाली नाही तर पुढे विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सगळंच अडतं. (महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ही प्लेट लागते.)

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओला दाखवून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवायची. गाडीला ५० वर्षं झाली असतील तर आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी पन्हाळ्याला मिसळ खायला जायचं असेल तर साधी पाच वर्षांचीच नोंदणी बरी, असं माझं मत.

बघायला जाताना खिशात काय

लोहचुंबक, बारका स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी (विजेरी) आणि अंगावर जुने कपडे. गाडी घासून-पुसून ठेवली असेल तरी खाली झोपायचंच.

चुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर, चाकांवरच्या कमानीवर, मागच्या डिकीच्या तळाशी फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. बोटभर जाडीची लांबी भरून वर चकचकीत रंग मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याच सगळ्यात महाग विकल्या जातात. मग स्क्रू ड्रायव्हरने खालून टोचा: पायाखालचा फ्लोअर, दाराखालची रनिंग बोर्डची पट्टी, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय ती जागा. शेवटची जागा मऊ लागली तर सरळ नमस्कार करून परत या. फ्लोअर नवीन घालता येतो. सस्पेन्शनची जागा घरच्या गॅरेजात मापात बसवणं नवख्याचं काम नाही.

दारं उघडून बंद करा. चारही दारांच्या फटी सारख्या असतील तर बॉडी सरळ आहे. एक दार उचलून लावावं लागत असेल तर बिजागरी झिजली असेल, किंवा गाडी कधीतरी जोरात ठोकली गेली असेल. गाडीवर ठोकलेले चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा लावून ताडा. पेन्सिल-कागदाने नंबर घासून घेतला की खाडाखोड लपत नाही.

आणि आता यादी. ग्रिल, बंपर आणि त्याचे कोपरे, बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या, हेडलाइटच्या रिंगा, मागच्या लाइटच्या काचा, त्रिकोणी काचा, मीटर, स्टिअरिंग, हॅंडल, व्हील कप, आतले दाराचे कव्हर. जे नाही त्यावर खूण करा आणि भाव करताना तीच यादी पुढे ठेवा. बंद इंजिनामुळे भाव पडत असेल तर पडू द्या, आपला फायदाच आहे.

उघडण्याआधी आणि उघडताना

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. थांबा. इंजिन फिरत असेल तर एकदा जशी आहे तशी सुरू करून अंगणात चालवा आणि काय वाजतंय, कुठून गळतंय, कोणता गिअर सुटतोय ते लिहून काढा. एकदा सुटी झाल्यावर हे कळायला मार्ग नाही.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मात्र सेल्फ मारून बघू नका. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने सावकाश फिरवा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा वास वॉर्निशसारखा येतो आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) ते तसंच बुजवतं.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो, आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. आप्पा फोटोच्या जमान्यातले नव्हते. ते पुठ्ठ्यावर भागाचं चित्र काढून त्याच जागी बोल्ट खोचून ठेवायचे. ती पद्धत आजही फोटोपेक्षा सरस आहे, कारण बोल्टची लांबी फोटोत कळत नाही. जुना भाग नवीन मिळेपर्यंत फेकू नका. नमुना हातात असेल तर लेथवाला काहीही बनवतो.

गाडी जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नये. घोड्या (जॅक स्टँड) लावा, गाडीला हलवून बघा, मगच खाली सरका. घरातल्या मुलांना शिकवायचा पहिला धडा हाच.

पत्रा: इथे घाई करू नका

खर्च आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. इंजिनापेक्षा कितीतरी जास्त. चांगला डेंटर (पत्र्याचं काम करणारा) शोधा आणि त्याला एकच अट घाला: सडलेला पत्रा कापून नवीन घालायचा, वरून ठिगळ नाही. ठिगळाच्या आत ओल राहते आणि दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा वर येतो.

वेगळी चेसिस नसल्यामुळे फ्लोअर आणि रनिंग बोर्ड एकाच वेळी दोन्ही बाजूंनी कापू नका. एक बाजू कापा, घाला, पक्की करा, मग दुसरी. कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या सळ्या वेल्डिंगच्या टाक्यांनी धरून ठेवल्या की बॉडी आपली जागा सोडत नाही. काका तर दर टप्प्याला दार लावून बघायचे. दार लागलं की पुढचं काम. वेल्डिंग शक्यतो सीओटू मशीनने करून घ्या. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा पापडासारखा वळतो. आतल्या पोकळ जागांत रंग जात नाही, तिथे शेवटी अँटी-रस्टचं मेण फवारा. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. डेंटर ती हौसेने बुजवतात.

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते टाकीवाल्याकडेच. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

आधी थांबायची सोय, मग पळायची

इंजिनाआधी ब्रेक, हा क्रम बदलू नका. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे व्हील सिलिंडर उघडून बघा. आतली भिंत गुळगुळीत असेल तर नुसती रबर किट पुरते. खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला किंवा आत स्लीव्ह घालून घ्या. रबरी नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी बदला. त्या आतून फुगून बंद होतात आणि मग एक चाक धरून राहतं. ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. रंगावर सांडलं तर रंग उठतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

इंजिन

कोल्हापुरात हे काम सोपं, कारण शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (झिजलेला सिलिंडर कोरून मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात होतं. तुमच्या गावात नसेल तर ब्लॉक आणि क्रँक गाडीत टाकून इकडे आणा.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने तपासा. चारही सिलिंडर जवळपास सारखे दाखवत असतील तर इंजिन उघडू नका, नुसतं सर्व्हिस करा. ‘उघडलंय तर सगळंच करून टाकू’ या वाक्याने जितक्या गाड्या अर्धवट राहिल्या तितक्या पैशाअभावी राहिल्या नसतील. एका सिलिंडरला कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

बोअरिंग करायचंच असेल तर आधी पिस्टन मिळवा, मग ब्लॉक द्या. पिस्टन मोजून त्या मापाला बोअर. उलटं केलं तर वाढवलेल्या साइझचा पिस्टन शोधत मुंबईत ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत फिरावं लागतं. हेड काढलं असेल तर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) कडक धातूच्या बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशात बंद झालं, आणि जुन्या सीटना त्या शिशाचा आधार होता.

आजच्या पेट्रोलचा दुसरा त्रास इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, एसी पंपाचा (पेट्रोल ओढणारा पंप) पडदा आणि कार्ब्युरेटरची किट नवीन टाका, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. पाइप दर वर्षी बोटाने दाबून बघा. चिकट किंवा मऊ लागला की बदला. गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल ही चेष्टा नाही.

ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर, प्लग वायर हे एकदम नवीन घ्या, पण चालू असलेला जुना कंडेन्सर डिकीत ठेवा. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरवर माझा विश्वास नाही.

वायरिंगबद्दल एवढंच: उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोड मारत बसू नका, पूर्ण हार्नेस नवीन करून घ्या, फ्यूज वाढवा, आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. अर्धी इलेक्ट्रिकची दुखणी खराब अर्थिंगची असतात. अर्थची जागा पत्र्यापर्यंत घासून मगच घट्ट करा.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात नाही

आमच्याकडे कॅलेंडर ठरलेलं असायचं. उन्हाळ्यात पत्रा, पावसाळ्यात इंजिन टेबलावर, दिवाळीनंतर रंग. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेत इतकी ओल असते की ड्यूकोचा (जुन्या पद्धतीचा लॅकर) रंग पांढुरका पडतो, आणि उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. म्हणून पत्रा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

लांबी कमीत कमी. जितका डेंटर चांगला तितकी लांबी कमी लागते. टू-के पीयू रंग टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक. घरच्या शेडमध्ये साध्या कापडी मास्कवर तो मारू नका, बूथवाल्याकडे द्या. मूळ रंग आरसीवर लिहिलेला असतो. बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. इंजिन दुसऱ्या गाडीचं टाकायचा विचार करत असाल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आधी वाचा. विचार बहुधा बदलेल.

क्रोम आणि रबर यांचं एकच सांगणं. क्रोमला देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि मोजदाद प्लेटिंगवाल्याकडून सहीने घ्या. छोटे तुकडे प्लेटिंगच्या टाकीत हरवतात. काचेची बीडिंग स्वस्तातली घेतली तर पहिल्याच पावसात पाय भिजतात.

रस्त्यावर

पासिंगआधी विमा. एवढ्या जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून कामाची बिलं आणि फोटो जपून ठेवा. निदान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी नसेल तर गाडी अंगणाबाहेर काढू नका.

नवीन बांधलेलं इंजिन पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या पुढे नेऊ नका, पण एकाच वेगातही चालवू नका. वेग कमी-जास्त होत राहिला की पिस्टनच्या रिंगा बसतात. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला. हेडचे नट इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्क पान्याने ताणा आणि त्यानंतर टॅपेट लावा (व्हॉल्व्हची फट जुळवा). १००० ला पुन्हा ऑइल. घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला तर थांबा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. डिकीत पंख्याचा पट्टा, एक पॉइंट सेट, पाण्याचा कॅन, प्लगचा पाना आणि थोडी वायर ठेवा. पद्मिनी रस्त्यात बंद पडलीच तर एवढ्यावर घरी येते.